ओल्या कातडीवरून जेल का सुटते?

प्रश्न : कॅटेकॉल (ओल्या पृष्ठभागाला चिकटणारा रासायनिक गट) जोडलेल्या कायटोसानपासून (कवचांतून मिळणाऱ्या साखर-एककांच्या लांब साखळीपासून) जखमेवर लावायचे चिकट, जिवाणूरोधक जेल बनवतो आहोत. द्रावण २ टक्के, कॅटेकॉलची जोडणी १० टक्के, जेल जमवण्यासाठी १ मिलीला ५ मिग्रॅ सोडियम परआयोडेट (ऑक्सिडीकरण करणारे रसायन). जेल क्षणात घट्ट, गडद तपकिरी होते. पण डुकराच्या ओल्या कातडीवरून सालीसारखे निघून येते. डिस्क चाचणीत (जिवाणू वाढवलेल्या थाळीवर जेलची चकती ठेवून) जिवाणूरहित वर्तुळही दिसत नाही. चुकते कुठे?

उत्तर : आधी परआयोडेटचा हिशेब मांडा. १ मिलीत २० मिग्रॅ कायटोसान, म्हणजे ढोबळमानाने ११० मायक्रोमोल साखर-एकके आणि ११ मायक्रोमोल कॅटेकॉल. तुमचे ५ मिग्रॅ परआयोडेट भरते २३ मायक्रोमोल, कॅटेकॉलच्या दुप्पट! सगळ्या कॅटेकॉलचे क्विनोन (त्याचे ऑक्सिडीकृत, क्रियाशील रूप) होते आणि ते कातडीतल्या अमिनो गटांऐवजी कायटोसानच्याच अमिनो गटांना धरून बसते. उरलेले परआयोडेट कायटोसानची साखळीही तोडते. १.२ मिग्रॅपासून सुरुवात करा. दोन नळ्यांच्या सिरिंजमधून मिश्रण थेट कातडीवर सोडा, म्हणजे जेल जमेल ते तिथेच. त्याआधी कातडीवरचे साचलेले पाणी गॉजने टिपून घ्या. नुसता ओलावा चालतो, थर चालत नाही.

मूळ पावडरच तपकिरी असेल तर दोष आधीचा. पावडर बनवताना शुद्धीकरणाच्या डायलिसिसचे पाणी हायड्रोक्लोरिक आम्लाने ५ पीएचच्या आसपास ठेवा; अल्कधर्मी पाण्यात कॅटेकॉल हवेनेच खराब होते. अतिनील वर्णपटात कॅटेकॉलचे २८० नॅनोमीटरचे शिखर स्वच्छ हवे.

जेलने जोडलेले कातडीचे तुकडे ओढून तोडल्यावर दोन्ही नीट बघा. जेल दोन्हींवर उरले तर ते आतून फाटले, जेलच्या साखळ्यांमधली आपसातली जोडणी वाढवा. एका बाजूने साफ सुटले तर पकड कमी. तोडायला लागलेल्या जोराचा नुसता आकडा नोंदवला की हा फरक हातून जातो.

वर्तुळाची चिंता सोडा. कायटोसान जेलमधून बाहेर झिरपत नाही, त्यामुळे थाळीतल्या आगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या माध्यमात) वर्तुळ कसे उमटणार? जेलवर मिलीला १०^६ जिवाणू असलेले १० मायक्रोलीटर ठेवा, ३७ अंशांवर २ तासांनी १ मिली सलाइनने धुऊन, पातळ करत वसाहती मोजा. जिवाणू जेलला नुसते चिकटून राहिले तरी मोजणी कमी येते, म्हणून जिवंत-मृत रंगचाचणी जोडीला हवीच. चाचणीआधी जेल नीट धुवा, नाहीतर उरलेल्या परआयोडेटने मारलेले जिवाणू कायटोसानच्या खात्यावर जमा होतील. पेशी-विषारीपणाही धुतलेल्या जेलवरच तपासा. जिवंत पेशी जेल न लावलेल्या नमुन्याच्या ७० टक्क्यांखाली गेल्या, तर आयएसओ १०९९३-५ (वैद्यकीय साधनांच्या पेशी-चाचणीचे मानक) नुसार जेल पेशींना विषारी असण्याची शक्यता धरली जाते.