वाचनगटासाठी उपहासाची पुस्तकं: आधी बघा, मार कोणाला बसतोय

तुमचा प्रश्न असा की फोंड्यात दहाबारा जणांचा वाचनगट आहे, पुढचे काही महिने फक्त उपहासात्मक पुस्तकं घ्यायची ठरलीत, पण आतापर्यंतच्या बैठकांत सगळे पोट धरधरून हसले, चहा प्याले आणि घरी गेले. चर्चा शून्य. त्यात गटात पंचायतीचा एक पंच असल्यामुळे राजकीय पुस्तक घ्यावं की नको, हा वेगळाच पेच. मी मडगावची. आमचाही गट बराच जुना आहे आणि उपहासाचं खूळ आम्हीही पुरेपूर करून झालोय, म्हणून लिहिते.

चर्चा होत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा निवडीचा असतो. दिल्लीतला मंत्री, लाचखाऊ फौजदार, ढोंगी बाबा यांच्यावर हसायला आपण एका पायावर तयार असतो, कारण यातलं कोणीच खोलीत बसलेलं नसतं. सगळ्यांचं एकमत झाल्यावर बोलायचं काय? म्हणून पुस्तक हातात आलं की मी एवढंच बघते: यात मार कोणाला बसतोय, आणि त्यातले दोनचार फटके आमच्या खुर्च्यांपर्यंत पोचतात का.

या कसोटीवर माझी पहिली शिफारस घरचीच. गोव्यात राहून उपहास वाचायचा आणि ‘जाकोब इ दुल्से’ला हात लावायचा नाही, हे मला पटत नाही. या कादंबरीचे लेखक फ्रान्सिश्कु जुआंव द कॉश्ता हे मडगावचेच. ‘जिप’ या टोपणनावानं त्यांनी हे पोर्तुगीजमध्ये लिहिलं. आधी मडगावच्या ‘ओ उल्त्रामार’ या पत्रात क्रमशः आलं आणि १८९६ मध्ये पुस्तक निघालं. विषय लग्नाचा: स्थळं, हुंड्याची घासाघीस, नाच आणि मेजवान्या, आणि पाकल्यांची, म्हणजे गोऱ्या पोर्तुगिजांची, नक्कल करताना उडणारी तारांबळ. ज्यांची टर उडवलीय ती मडगावची बडी ख्रिस्ती घराणी, आणि लेखक त्यांच्यातलाच एक. त्यामुळे त्याच्या बोलण्याला जी धार आहे ती बाहेरच्या माणसाला आलीच नसती. साहित्य अकादमीनं इंग्रजी अनुवाद काढलाय. पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी करा.

आमच्याकडे हे वाचलं तेव्हा सुरुवातीला गटातली हिंदू मंडळी अगदी निवांत होती. दुसऱ्याच्या घरातली गंमत बघतोय अशा थाटात वाचन चाललं होतं. मग हुंड्याच्या बोलणीचा भाग आला आणि एक वहिनी, ज्या एरवी फारशा बोलत नाहीत, म्हणाल्या, “आमच्यात काय वेगळं चालायचं गो?” झालं! कोणाच्या लग्नात किती तोळे ठरले आणि किती घातले, कोणाचा मामा पंगतीतून उठून गेला, कोणाच्या आजीच्या नावावरचं भाट, म्हणजे माडांची बाग, कसं हळूच सासरच्या नावावर चढलं, एकेक बाहेर यायला लागलं. पुस्तकाकडे परत यायला बराच वेळ गेला. मला विचाराल तर तो वेळ पुस्तकाच्याच खात्यात जमा.

दुसरं पुस्तक श्रीलाल शुक्ल यांची हिंदी कादंबरी ‘राग दरबारी’. १९६८ चं, पुढच्याच वर्षीचं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेलं. हिंदीतूनच वाचा. शाळेत हिंदी शिकलेल्या कोणालाही जमतं, आणि एखाददुसरा गावरान शब्द अडला तर अडू दे. पुस्तक जाड आहे, पण कथानक सैल असल्यामुळे तुकडे पाडून दोनतीन बैठकांत वाचता येतं. सुरुवातीलाच रस्त्यावर एक ट्रक उभा आहे. पोलीस एका बाजूनं बघून म्हणू शकतो की तो रस्त्याच्या मधोमध आहे, आणि ड्रायव्हर दुसऱ्या बाजूनं बघून म्हणू शकतो की तो कडेला आहे. एवढ्या एका ट्रकावर आमची मंडळी तुटून पडली. मडगाव बाजारात गाडी लावणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण या पुस्तकाचा खरा ऐवज म्हणजे लंगड हे पात्र. त्याला तहसिलीतून एका कागदाची नक्कल हवी आहे. त्यानं ठरवलंय, लाच द्यायची नाही. कारकुनानंही ठरवलंय, लाच घ्यायची नाही, सगळं नियमानंच करायचं. आणि मग नियमानंच अर्जात खोट निघते, नियमानंच तिकीट कमी पडतं, नियमानंच अर्ज परत येतो. दोघंही आपापल्या जागी धर्मराज, आणि नक्कल काही मिळत नाही! आता आपल्याकडे जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्युटेशन म्हणजे फेरफार, वडिलांच्या नावात एका कागदावर एक वेलांटी जास्त, यासाठी मामलेदार कचेरीचा जिना झिजवला नाही असं घर दाखवा. आमच्यात एक निवृत्त कारकून आहेत. ते इतका वेळ हसत होते, लंगडाशी आल्यावर गप्प झाले, आणि मग म्हणाले, “पण तो कारकून चुकतोय कुठे, सांगा.” त्या एका प्रश्नावर बैठक उभी राहिली. निम्मे जण कारकुनाच्या बाजूनं गेले. मी नव्हते, पण त्यांचा मुद्दा खोडताना मला घाम फुटला, हे खरं. शुक्ल स्वतः सरकारी अधिकारी होते, हे त्या दिवशी मुद्दाम सांगितलं, म्हणजे वादाला आणखी तेल मिळालं.

एक तक्रार मात्र आहे. एवढ्या मोठ्या पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच. आमच्या बायकांनी त्यावरून लेखकाला चांगलं धुतलं. तुमच्याही धुतील, अडवू नका.

आता मराठी. पु. लं.चं नाव निघणारच, आणि ‘बटाट्याची चाळ’ घेतलीत तर अर्धा गट तुमच्या आधी वाक्यं पूर्ण करेल. ऐकून ऐकून पाठ झालेल्या मजकुरावर माणूस विचार करत नाही, आठवणीत रमतो. म्हणून पूर्ण पुस्तक नको, त्यातलं ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ एवढंच घ्या. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा रस्त्यावर दुमदुमत असताना, १९५८ च्या या पुस्तकात चाळकरी गच्चीसाठी चळवळ उभारतात. महाराष्ट्रात वाचताना ती एका मोठ्या लढ्याची लाडकी चेष्टा वाटते. गोव्यात तेच पान वेगळं लागतं, कारण इथे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल झालाय आणि विलीनीकरणाचा विषय काढला तर आजही काही घरांत काका-पुतण्याचं जेवण बिघडतं. आमच्यातल्या एका जुन्या विलीनीकरणवाद्यांना ती चेष्टा झोंबली, समोरच्याला गुदगुल्या झाल्या, आणि तरुण मुलांना मुळात घोषणाच माहीत नव्हती. ती आधी सांगावी लागली. त्याच ओघात उदय भेंब्रे यांच्या ‘राष्ट्रमत’मधल्या ‘ब्रह्मास्त्र’ या सदराची आठवण निघाली. विलीनीकरणाच्या विरोधातलं इतकं बोचरं लिखाण आलं ते मराठी दैनिकात, मराठीतून. याहून मोठा उपहास कोण लिहिणार? जुने अंक कुठे मिळाले तर एखादा लेख झेरॉक्स करून न्या, पण तापट मंडळींना शेजारीशेजारी बसवू नका.

प्रतींचा प्रश्न तुम्हालाही येणार. दहा जणांत एक पुस्तक म्हणजे कोणीच वाचून येत नाही. इथे जुने लेखक उपयोगी पडतात. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं उलटली की कॉपीराइट संपतो. त्यामुळे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी आणि आता चिं. वि. जोशी यांचे लेख बिनघोर झेरॉक्स करून वाटता येतात. अत्र्यांना अजून थोडी वर्षं आहेत.

कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ नव्या वाचकाला जड जातात, हे मान्य. वाक्यं लांबलचक, संस्कृत शब्दांची रेलचेल. पण मोठ्यानं वाचले की उलगडतात. ‘चोरांचे संमेलन’ घ्या. गोव्यात संमेलनांना तोटा नाही आणि प्रत्येक गटात एकतरी माणूस हमखास कुठल्या ना कुठल्या स्वागत समितीवर असतो. वाचायचं काम त्यालाच द्या. आमच्याकडच्या गृहस्थांनी पहिला परिच्छेद एकदम अध्यक्षीय आवाजात वाचला, दुसऱ्यात आवाज थोडा उतरला, आणि तिसऱ्यात ते स्वतःच इतके हसायला लागले की कागद दुसऱ्याकडे द्यावा लागला.

चिं. वि. जोश्यांचे चिमणराव फार गोड आहेत. आजींपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालतात, पण चर्चेला फारसं हाती लागत नाही. पहिल्या बैठकीला गट जमवायला घ्या आणि पुढे चला. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ घ्यायची तर ज्या कवितांची विडंबनं आहेत त्या मूळ कविताही शोधून ठेवा, नाहीतर फटका कोणाला बसला तेच कळत नाही. ‘ठणठणपाळ’ या नावानं जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकात जे लिहिलं ते मला अतिशय आवडतं, पण त्यातले साहित्यिक आणि त्यांची भांडणं आज अर्ध्या लोकांना परकी झालीत. दळवी आपल्या हडफड्याला जन्मलेले, म्हणून अभिमानानं एखादा लेख वाचा, हवं तर. पाडगावकरांची ‘सलाम’ ही कविता शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवा. ती वाचून झाल्यावर लगेच बोलायला सांगू नका.

जॉर्ज ऑर्वेलची प्राण्यांची रूपककथा ‘ॲनिमल फार्म’ सगळेच सुचवतात. मी जरा हात राखून सुचवते, कारण गट लगेच आपापल्या नावडत्या पुढाऱ्याला डुक्कर ठरवून मोकळा होतो. घेतलंच तर एक करा. दूध आणि सफरचंदं डुकरांनी स्वतःसाठी ठेवली तिथे थांबा. ऑर्वेलनंही एका पत्रात गोष्ट तिथेच वळते असं म्हटलंय. प्रत्येकाला विचारा, तू त्या गोठ्यात असतास तर तेव्हा बोलला असतास का? पुढाऱ्यांची नावं आपोआप मागे पडतात आणि सोसायटीच्या मीटिंगा, देवळाची समिती, ऑफिसातली बढती असले विषय वर येतात.

कोणाला वाचायचा कंटाळा आला तर एका महिन्यात पुस्तक बाजूला ठेवून सगळ्यांनी मिळून तियात्राला, म्हणजे आपल्या कोंकणी नाटकाला, जा. पडद्यांच्या मधल्या कांतारांमध्ये, म्हणजे गाण्यांमध्ये, सरकारची जी हजेरी घेतली जाते ती ऐकून आमच्यातल्या मराठी साहित्याच्या प्राध्यापक बाईंनी वहीच काढली.

राहिले तुमचे पंच. त्यांच्यामुळे राजकीय पुस्तक टाळू नका. तसं केलंत तर त्यांनाही कळेल का टाळलं ते. ‘राग दरबारी’तल्या शिवपालगंज गावात पुढारी वैद्यजींच्या सहकारी संस्थेत अपहार होतो, आणि मग नुकसान सरकारनं भरून द्यावं असा ठराव मांडला जातो. पुढे वैद्यजींचाच नोकर सनीचर गावचा प्रधान, म्हणजे सरपंच, होतो. हे दोन भाग आठवडाभर आधी पंचांना द्या आणि बैठकीत मोठ्यानं वाचायची विनंती करा. ग्रामसभेत तासन्‌तास शिव्या ऐकून घेणारा माणूस आहे तो. शिवपालगंज कुठे चुकलंय आणि कुठे अगदी बरोबर आहे, हे तुमच्या गटात त्याच्याइतकं नेमकं कोणाला सांगता येणार?