आरपी ड्युटी लागली म्हणजे मिलिटरी पोलिस झाला का?

भाऊ इन्फन्ट्रीत आहे, त्याला आरपी ड्युटी लागली, तर तो आता मिलिटरी पोलिस झाला का आणि कुणालाही अटक करू शकतो का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. मी स्वतः दीड वर्ष दंडावर आरपीची पट्टी बांधून युनिटच्या गेटवर उभा होतो. आरपी म्हणजे रेजिमेंटल पोलिस. युनिटमधलेच मोजके जवान, शक्यतो उंचपुरे आणि गणवेशात कडक दिसणारे, या कामाला लावतात. ड्युटी संपली की पट्टी उतरवायची, परत आपल्या कंपनीत. लाल बेरे टोपीवाले एमपी, म्हणजे मिलिटरी पोलिस, वेगळे. त्यांची स्वतंत्र कोअर आहे, ट्रेनिंग सेंटर बेंगळुरूला. मे २०२१ मध्ये ८३ महिला जवानांची पहिली बॅच तिथूनच पास झाली.

आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम १०७ नुसार प्रोव्होस्ट मार्शल (मिलिटरी पोलिसांचा वरिष्ठ अधिकारी) आणि त्याच्या वतीने काम करणारे गुन्हा करणाऱ्या फौजीला पकडून ठेवू शकतात, पण स्वतःच्या मर्जीने शिक्षा देऊ शकत नाहीत. अधिकाऱ्याला पकडायचं तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. आरपी यात बसत नाही. त्याचा जोर सीओ (युनिटचे कमांडिंग ऑफिसर), ॲडज्युटंट (सीओंच्या हाताखाली युनिटचा कारभार पाहणारे अधिकारी) आणि सुभेदार मेजर साहेबांच्या हुकमावर. थांबवायचं, नाव-नंबर लिहायचा, वर कळवायचं.

खरी पंचाईत पुढेच आहे. एमपीला समोरचा जवान अनोळखी असतो. आरपीची रात्रीची खाट मात्र ज्याला अडवायचं त्याच्याच शेजारी! पहिल्याच आठवड्यात माझ्या सेक्शनचे हवालदार बिनहेल्मेटचे मोटारसायकलवर आले. ‘आपलाच आहेस ना रे?’ म्हणाले. सोडलं मी. थोड्या वेळाने एका शिपायाला हेल्मेटवरूनच अडवलं, तर तो नुसता हसला. त्याने मघाचं सगळं पाहिलं होतं. त्यालाही सोडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार पुन्हा तसेच आले. या वेळी मी ‘राम राम उस्ताद’ म्हटलं आणि रजिस्टर पुढे केलं. महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. (जेवताना ताट उचलून दुसरीकडे बसायचे.)

भावाला सांगा, नोंद करताना नावासोबत वेळही लिही. माझ्या पहिल्या नोंदीत ती नव्हती, आणि पेशीच्या (अधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या) वेळी ॲडज्युटंट साहेबांनी आधी मलाच झापलं.