जुन्या आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाचा) आवाज चढतो पण बोट वेग घेत नाही. गिअरबॉक्स गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की इंजिन १९६०च्या आसपासचं, दोन सिलिंडरचं आहे. दोरी ओढली की लगेच सुरू होतं, गिअर टाकल्यावर बोट हळूहळू निघतेही, पण थ्रॉटल वाढवला की इंजिन किंचाळतं आणि बोट होती त्याच वेगात रेंगाळते. म्हणून या रविवारी गिअरबॉक्स उघडणार आहात. माझी कळकळीची विनंती आहे, एवढ्यात उघडू नका.

तुमच्या वर्णनातला ‘किंचाळतं’ हा शब्द फार कामाचा आहे. एका सिलिंडरला ठिणगी मिळत नसती, तर थ्रॉटल देऊनही आवाज चढला नसता, घुसमटल्यासारखा राहिला असता. तुमच्याकडे आवाज चढतोय. म्हणजे ताकद तयार होतेय, पण पाण्याला लागण्याआधी वाटेत कुठेतरी निसटतेय.

पहिला संशय सहसा शिअर पिनवर, म्हणजे बोट ढकलणारा पंखा त्याच्या शाफ्टला अडकवणाऱ्या छोट्या पिनवर जातो. पंखा दगडावर आपटला तर आतले गिअर वाचावेत म्हणून ही पिन मुद्दाम तुटेल अशी केलेली असते. पण ती तुटली की बोट जवळपास हलतच नाही. तुमची हलतेय, म्हणून मी पिन मागे ठेवतो. तरी पंखा काढाल तेव्हा ती वाकलीय का ते बघा, आणि बदलायची वेळ आली तर त्या इंजिनासाठी ठरलेलीच पिन घाला. तिथे खिळा किंवा कडक पोलादी बोल्ट ठोकला, तर पुढचा दगड थेट गिअरचे दाते घेऊन जाईल.

माझा खरा संशय पंख्याच्या आतल्या रबर बुशवर आहे. त्या काळच्या बऱ्याच पंख्यांत मधली धातूची नळी आणि पात्यांचा भाग यांच्यामध्ये रबर दाबून बसवलेलं असतं. वर्षानुवर्षांनी ते कडक होतं, त्याची पकड सुटते. हळू चालवताना भार कमी असल्यामुळे ते धरून ठेवतं, भार वाढला की आतल्या आत घसरतं. आणि नेमकं हेच हाताने तपासून कळत नाही. माझ्या इंजिनाची हीच लक्षणं होती. पंखा हाताने फिरवून पाहिला, घट्ट लागला, म्हणून दोष गिअरचाच असं ठरवून मी गिअरबॉक्स खोलला. दोन दिवस गेले. गिअर उत्तम होते, पण परत जोडताना ऑइल सील दुखावलं आणि नव्या ऑइलमध्ये पाणी शिरलं. दोष शेवटी रबरातच निघाला.

तुम्ही असं करा. पंख्याच्या टोकाकडून बघा आणि मधली नळी, रबर आणि बाहेरचा भाग या तिन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रंग वाळू द्या, मग बोट पाण्यात नेऊन थ्रॉटल देऊन दहा मिनिटं चालवा. रेघ तुटून दोन्ही टोकं सरकलेली दिसली तर निदान झालं. नवा पंखा घ्या किंवा त्यातलं रबर नवं बसवून घ्या. आरपार भोक पाडून बोल्टने कायमचं जखडू नका, रबर धक्का झेलतं तेवढी उसंत गिअरला उरत नाही.

रेघ जागेवरच राहिली, तर हवेचा विचार करा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत हवी. ती बरीच वर असेल तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो आणि पाण्याऐवजी फेस ढवळत बसतो. १५ इंची शाफ्टचं इंजिन २० इंच उंचीच्या मागच्या फळीवर लावलेलं मी पाहिलंय, तिथे दुसरं काही होणंच शक्य नाही. चालत्या बोटीत एका माणसाला मागे बसवून बघा. पकड सुधारली तर दोष हवेचाच.

क्लचचे दात झिजले असतील तर खडखड धक्के बसतात, गिअर उडतो. ते तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. (हे दात झिजतात ते बहुतेक वेळा दबकत, हळूहळू गिअर टाकल्याने. इंजिन अगदी मंद ठेवून एका झटक्यात टाकावा.) इंजिनाची ताकद खाली नेणाऱ्या उभ्या शाफ्टचे वरचे दाते गेले असते, तर बोट कुठल्याच गिअरमध्ये चालली नसती.

पंख्याला हात लावण्याआधी दोन्ही प्लगच्या वायरी काढाच. हे मॅग्नेटोवर (फिरण्यातूनच ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रणेवर) चालणारं इंजिन असेल तर त्याला बॅटरी लागत नाही, गिअरमध्ये पंखा फिरवला तरी ते पेटू शकतं आणि हाताची बोटं जातात. फ्लायव्हील (इंजिनाच्या वरचं जड चाक) हाताने फिरवाल ते दोरी फिरवते त्याच दिशेने, उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपातल्या रबरी पाकळ्या मुडपतात.

एक काम मात्र आत्ताच करण्यासारखं आहे. इंजिन रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करा. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ निघालं, तर सील बदलायचंय. त्या वेळी पंख्याच्या मागे शाफ्टला तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेली आहे का बघा, सील कापण्यात तिचा हात फार असतो. नवं ऑइल खालच्या भोकातून वर चढवत भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर खालचा.

रेघ सरकली की नाही ते इथेच कळवा, आणि शाफ्टची व मागच्या फळीची मापंही द्या.