परदेशात शेजाऱ्यांना दिवाळीचे ताट द्यावे का?

परदेशात राहताना दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांना द्यावा का, आणि त्यांनी सणाचे मद्य पुढे केले तर काय करावे, असे आपण विचारले आहे. मी मडगावचा, नोकरीनिमित्त काही वर्षे लिस्बनला राहिलो. फराळ अवश्य द्यावा, मात्र त्यात काय काय घातले आहे ते सांगूनच द्यावा, असे माझे मत आहे.

आमच्या वाड्यावर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातात आणि नाताळात त्यांच्याकडून दोदोल, बेबिंक, कुलकुल यांचे ताट येते. त्याला ‘कोन्सुआद’ म्हणतात. (पोर्तुगालमध्ये हाच शब्द २४ डिसेंबरच्या रात्रीच्या घरच्या जेवणासाठी वापरतात, हे तिथे गेल्यावर कळले.) बेबिंकमध्ये अंड्याचा बलक असतो, म्हणून आमच्या शेजारीणबाई आईसाठी तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ आटवून केलेला दोदोल आठवणीने वेगळ्या बशीत पाठवीत.

२०२३ साली ११ नोव्हेंबरला लिस्बनमध्ये संत मार्टिनचा सण होता आणि दुसऱ्याच दिवशी आपली दिवाळी. त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी जाड मिठात भाजलेल्या चेस्टनटची गरम पुडी आणि जेरोपीगा या गोड मद्याची बाटली घेऊन आल्या. आमच्याकडे कोणी मद्य घेत नाही, हे मी आभार मानून दारातच सांगितले. भिडेखातर बाटली ठेवून घेतली असती, तर दरवर्षी तीच आली असती आणि दरवर्षी खोटे बोलावे लागले असते. आजींना मुळीच वाईट वाटले नाही. चेस्टनट मात्र आम्ही सर्वांनी उभ्याउभ्याच सोलून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोसातले फोव (नारळाच्या रसातले पोहे) आणि नेवऱ्या स्टीलच्या ताटातून वर पाठवल्या. सोबत पोर्तुगीजमध्ये चिठ्ठी होती: गहू, खोबरे, तीळ, काजू. आजींच्या नातवाला काजू चालत नाहीत, हे ती चिठ्ठी वाचून त्यांनी खाली येऊन सांगितले, तेव्हाच आम्हाला समजले. त्याने केवळ फोव खाल्ले. तिखट पदार्थ पहिल्या खेपेला देऊ नयेत, आणि ताट घरचेच द्यावे, कागदी नको, कारण घरचे ताट परत करण्याच्या निमित्ताने माणूस पुन्हा दाराशी येतो.

आमचे ताट नाताळच्या आदल्या संध्याकाळी परत आले. त्यात दुधात भिजवून, अंड्यात बुडवून तळलेले, साखर-दालचिनी भुरभुरलेले पावाचे काप होते. आई तेव्हा आमच्याकडे आली होती. तिच्यासाठी एका लहान वाटीत सुके अंजीर आणि अक्रोड होते, आणि वाटीखाली आजींच्या हातची चिठ्ठी होती: ‘यात अंडे नाही.’