‘पुस्तकात तसंच आहे, ताई’

कामाच्या ठिकाणी लागणारं इंग्रजी शिकवणारी पुस्तकं, धडे आणि ॲप यांच्या संपादनाबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या काहींना या अंकात उत्तरं देते.

प्रश्न : मी नुकतीच एका प्रकाशन संस्थेत संपादिका म्हणून रुजू झाले आहे. ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी इंग्रजीचा अभ्यासक्रम तयार होतोय. लेखकाकडून धडे येतात, मी स्पेलिंग आणि व्याकरण तपासून पुढे पाठवते. पण काहीतरी राहून जातंय असं सारखं वाटतं. ताई, यापलीकडे नेमकं काय तपासायचं?

उत्तर : राहून जातंय हे खरंच आहे. माझ्याही हातून राहिलं होतं, तेच आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी फोनवरच्या संभाषणाचा एक धडा मी संपादित केला. डाव्या बाजूला मराठी वाक्य होतं, ‘आपल्याला काय हवंय?’ आणि उजवीकडे इंग्रजी, ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ व्याकरणात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. लेखक, मी, माझी सहकारी आणि मुद्रितशोधक अशा चौघांच्या नजरेखालून ते वाक्य गेलं आणि छापून आलं. पुढे त्याच पुस्तकावरून शिकलेली एक मुलगी मला भेटली. रिसेप्शनवर नवी नोकरी होती. तिने फोन उचलला, पाठ केलेलं वाक्य म्हटलं आणि पलीकडचा माणूस भडकला. तक्रार साहेबांपर्यंत गेली. ती माझ्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘पुस्तकात तसंच आहे, ताई.’’

मराठी वाक्यातला सगळा आदर ‘आपल्याला’ या एका शब्दात होता. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांनाही ‘यू’च. म्हणजे तो आदर दुसरीकडून आणावा लागतो, त्यासाठी अख्खं वाक्य बदलावं लागतं: ‘हाऊ कॅन आय हेल्प यू?’ तसंच ‘फाइल द्या’चं. ‘दे’ आणि ‘द्या’ यांतला फरक आपल्या कानाला लगेच कळतो. ‘गिव्ह मी द फाइल’मध्ये तो पुसला जातो आणि पुढे ‘प्लीज’ चिकटवलं तरी हुकूम तो हुकूमच राहतो. ‘कुड यू सेंड मी द फाइल?’ असं विचारावं लागतं. हे शिकणाऱ्याला आपोआप कळत नाही, कारण त्याच्या भाषेत सौजन्याचं काम सर्वनाम आणि क्रियापद करतात. म्हणून ते धड्यात सांगायलाच हवं.

तेव्हापासून मी हस्तलिखितातल्या प्रत्येक नमुना वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहिते: कोण म्हणतंय, कोणाला, कशासाठी. यातलं एक जरी उत्तर मिळालं नाही, तर ते वाक्य लेखकाकडे परत जातं. ‘द मॅनेजर इज इन द केबिन’ हे वाक्य असंच परत गेलं होतं. बरोबर आहे, पण कोण कोणाला सांगतंय? भेटायला आलेल्या पाहुण्याला सांगायचं असेल तर ‘ही विल बी विथ यू इन फाइव्ह मिनिट्स’ जास्त उपयोगाचं आहे.

दुसरं म्हणजे खरा मजकूर मागवा. भाषाभ्यासक मॅरियन विल्यम्स यांनी १९८८ मध्ये बिझनेस इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत मीटिंगसाठी शिकवलेली भाषा आणि खऱ्या मीटिंगांमधली भाषा शेजारी-शेजारी ठेवून पाहिली होती. दोन्हींत साम्य जवळजवळ नव्हतंच. पुस्तकातली माणसं ‘आय ॲम अफ्रेड आय कॅनॉट ॲग्री विथ यू’ असं पूर्ण वाक्यात बोलतात. खऱ्या मीटिंगमध्ये कोणीतरी ‘येस, बट...’ म्हणतं, थांबतं, आणि वाक्य दुसराच कोणीतरी पूर्ण करतो. तेव्हा लेखकाला म्हणा, चार खऱ्या ईमेल आणा, एखाद्या मीटिंगचं रेकॉर्डिंग आणा. मात्र संबंधितांची परवानगी हवी, आणि नावं, नंबर, ग्राहकांचे तपशील आधीच काढलेले हवेत. यात तडजोड करू नका. एखाद्याने विश्वासाने दिलेली ईमेल ओळख पटेल अशी धड्यात छापली, तर तो विश्वास पुन्हा मिळत नाही.

प्रश्न : आमच्या लेखकाने मुखपृष्ठावर ‘अगदी नवशिक्यांसाठी’ असं लिहिलंय, पण मला धडे अवघड वाटतात. पातळी ठरवायची कशी?

उत्तर : युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली भाषेच्या पातळ्यांची चौकट (सीईएफआर) वापरा. ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत, आणि माणूस त्या पातळीवर काय करू शकतो हे प्रत्येकीत लिहिलेलं आहे. ‘नवशिक्या’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. ए१ म्हटलं की वाद घालायला निदान काहीतरी समोर असतं.

शब्दांसाठी एक अंदाज उपयोगी पडतो. उतारा मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं वाचनाच्या संशोधनातून पुढे आलं आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. दोनशे शब्दांच्या ईमेलमध्ये दहा नवे शब्द असतील, तर ती शिकणाऱ्याला मदतीशिवाय नीट समजणं अवघड आहे.

आणि सूचनांकडे बघा, तिथे कोणी बघतच नाही. स्वाध्याय ‘गुड मॉर्निंग’चा आणि वर सूचना ‘चूज द मोस्ट ॲप्रोप्रिएट रिस्पॉन्स’! ज्याला ती सूचना वाचता येते, त्याला त्या स्वाध्यायाची गरज नाही. सुरुवातीच्या पातळ्यांना सूचना सरळ मराठीत द्या.

प्रश्न : ‘प्रीपोन’, ‘डू द नीडफुल’, ‘आय हॅव अ डाउट’ ही वाक्यं चूक म्हणून खोडायची का? आमच्यात यावरून कडाक्याचं भांडण झालंय.

उत्तर : खोडू नका. ‘प्रीपोन’ला ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जागा आहे आणि आपल्याकडे तो रोज वापरात आहे. ‘डू द नीडफुल’ हे जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातून आलेलं आहे. ते आपल्याकडे टिकलं आणि तिकडे मागे पडलं. ज्याच्या कानावर ते पडलेलं नाही, त्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. अडचण एवढीच आहे. तेव्हा शेजारी टीप द्या: हे कुठे चालतं, कुठे अडतं आणि अडलं तर काय लिहायचं. ‘डू द नीडफुल’ऐवजी ‘प्लीज ॲप्रूव्ह द बिल बाय फ्रायडे’ लिहिलं तर ते कुठेही समजतं.

‘आय हॅव अ डाउट’ला मात्र टीप ठळक हवी. आपल्याला शंका विचारायची असते आणि परदेशातल्या सहकाऱ्याला वाटतं, याचा आपल्यावर विश्वास नाही. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ शिकवाच.

वर सांगितलेल्या युरोपीय चौकटीच्या २०२० च्या पूरक आवृत्तीतही, पातळ्यांच्या वर्णनातला ‘मातृभाषिक’ हा मापदंड काढून टाकलेला आहे. आपणही लाल पेन त्याच बेताने चालवावं. शिकणाऱ्याची रोजची भाषा सरसकट ‘चूक’ ठरवली की तो बोलायचाच थांबतो. हे मी वर्गात फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय.

प्रश्न : एआयकडून स्वाध्याय तयार करून घेतले तर चालतील का? वेळ खूप वाचतो.

उत्तर : चालतील, पण उत्तरसूची झाकून प्रत्येक प्रश्न तुम्ही स्वतः सोडवायचा. माणसाने लिहिलेल्या स्वाध्यायांनाही माझा हाच नियम आहे. मध्यंतरी माझ्यासमोर आलेला एक प्रश्न बघा. ‘द मीटिंग हॅज बीन ...’ आणि पर्याय : पोस्टपोन्ड, कॅन्सल्ड, डिलेड, अटेंडेड. सूचीत उत्तर ‘पोस्टपोन्ड’. पण पहिले तिन्ही पर्याय बसतात! वाक्यापुढे ‘अनटिल फ्रायडे’ जोडलं की ‘कॅन्सल्ड’ बाद होतो, तरी ‘डिलेड’ उरतोच. तो पर्यायच बदलावा लागला. ज्या विद्यार्थ्याने ‘डिलेड’ लिहिलं असतं, त्याला आपण बरोबर उत्तराबद्दल शून्य गुण दिले असते, आणि चूक स्वतःचीच आहे असं तो समजून बसला असता.

प्रश्न : मी कारखान्यातल्या कामगारांसाठी धडे लिहितो. यंत्रावरच्या सूचनांची भाषा शिकवायची आहे. ऑफिसचेच निकष इथे लावायचे का?

उत्तर : नाही, इथे जास्त कडक लावा. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी १९८० च्या दशकापासून एक नियमबद्ध सोपं इंग्रजी वापरलं जातं, त्याचं नाव सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश. कृतीच्या सूचनेचं वाक्य वीस शब्दांपेक्षा लांब नको, आणि शब्दाला शक्यतो एकच अर्थ. त्यात ‘क्लोज’ म्हणजे फक्त बंद करणं. जवळ म्हणायचं असेल तर ‘निअर’. म्हणून ‘डू नॉट गो क्लोज टू द मशीन’ न लिहिता ‘डू नॉट गो निअर द मशीन’ लिहायचं.

धडा छापायला देण्याआधी एक कराच. ते यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या हातात धडा द्या, सूचना मोठ्याने वाचायला सांगा आणि त्याचे हात कुठे जातात ते बघा. वाचताना तो जिथे थांबेल, ते वाक्य त्याच्यासमोर बसून पुन्हा लिहा.