इतिहास मंडळाच्या नव्या कार्यवाहास

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या इतिहास विभागातील विद्यार्थी मंडळाची कार्यवाह म्हणून तुझी निवड झाल्याचे कळले आणि तू पाठवलेला वर्षभराचा आराखडाही वाचला. उद्घाटन, दोन मोठी व्याख्याने, प्रश्नमंजूषा, सहल आणि निरोप समारंभ, असा तो आहे. त्यात गैर काही नाही. पण अशा आराखड्यात बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला खुर्चीत बसून टाळ्या वाजवण्याचेच काम येते, हे मला खटकले. कार्यक्रम ठरवताना प्रमुख पाहुणे कोण असावेत, या चर्चेत आपल्याकडे सगळा वेळ जातो. त्याआधी, त्या दिवशी आपल्यापैकी कोण काय करणार आहे हे ठरव, एवढेच माझे सांगणे आहे.

व्याख्यानापासूनच पाहा. वक्त्याचा एखादा लेख आठवडाभर आधी विभागाच्या ग्रंथालयात ठेवावा, दोघा-तिघांनी तो नीट वाचून प्रश्न लिहून आणावेत आणि पहिला प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेच विचारायचा असा नियम करावा. प्राध्यापकांनी आधी प्रश्न विचारले की मागच्या बाकांवरचे सगळे गप्प होतात, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. परिचय दोन मिनिटांत आटोपावा, शाल-श्रीफळाचा खर्च वाचवून तो चहा-फराळासाठी ठेवावा आणि तो चहा सभागृहाबाहेर, सर्वांसोबत व्हावा. पाहुण्यांना लगेच विभागप्रमुखांच्या खोलीत नेण्याची आपली पद्धत शिष्टाचाराची असेल. पण ज्या मुलाला माईक हातात घेण्याची भीती वाटते, तो कप हातात असताना नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारतो, आणि ती संधी आपण त्याच्याकडून काढून घेतो.

मात्र वर्षाचा कणा व्याख्यानांचा नसावा, जुन्या मराठी कागदांच्या मोडी लिपीच्या वाचनाचा असावा. पुण्यात राहून हे न करणे म्हणजे करंटेपणा आहे. पेशवे दफ्तरातील कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, याच शहरात आहेत, त्यांतून इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत छापले गेले, तरी न छापलेल्या कागदांच्या तुलनेत ते थोडेच आहेत. आठवड्यातून एकदा, तासभर, एकाच पत्राची छायाप्रत सर्वांच्या हाती द्यावी आणि ते मोठ्याने वाचावे. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे एका ओळीवर चार जणांची चार वाचने होतात आणि वाद रंगतो. कालगणनेतही अशीच मजा आहे. पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असेल तर ते, अरबी संख्याशब्दांत लिहिले जाणाऱ्या कालगणनेतले, सुहूर सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. म्हणजे इसवी सन १७६०-६१, पानिपतचे वर्ष. हा हिशेब फळ्यावर समजावण्यापेक्षा मुलांनी चुकत-माकत स्वतः करावा. स्नेहमेळाव्यांतून होत नाही इतकी ओळख अशा एका तासात होते.

सहलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मंडळाचा सर्वांत मोठा खर्च तिच्यावर होतो आणि बहुतेकदा हाती छायाचित्रांपलीकडे फारसे काही लागत नाही. कार्ले आणि भाजे येथील लेण्यांसाठी बस ठरवू नकोस. लोणावळ्याची लोकल पकडून मळवलीला उतरावे, म्हणजे वर्गणी इतकी कमी होते की पैशांमुळे कोणालाच मागे राहावे लागत नाही. जाण्यापूर्वी कार्ल्याच्या चैत्यगृहातील, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहातील, एकेक दानलेख एकेकाला वाटून द्यावा. ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या सातव्या खंडात ते सारे मिळतील. वैजयंती या नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख एकीने, धेनुकाकट या गावच्या यवनांनी (ग्रीकांसारख्या परदेशीयांनी) दिलेल्या स्तंभांचे लेख दुसऱ्याने, असे करून प्रत्येकाने आपापल्या लेखासमोर उभे राहून पाच मिनिटे बोलावे. कोणी सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, कोणी सुतार, कोणी परदेशी. स्तंभागणिक दाता बदलतो हे तिथे उभे राहूनच उमगते. छताच्या लाकडी फासळ्या दाखवायला विसरू नकोस. चैत्यगृहासमोरच एकवीरेचे देऊळ असल्याने रविवारी आणि चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत फार गर्दी असते, तेव्हा अभ्यासासाठी मधला वार निवडावा. अर्थात कोळी समाजाची कुलदेवता आणि बौद्ध लेणे एकाच डोंगरावर कसे नांदतात, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने खुशाल यात्रेतच जावे.

नाणेघाटाचा हट्ट असेल तर तो हिवाळ्यात पुरवावा. पावसाळ्यात तिथे धुके आणि माणसे एवढेच दिसते. सातवाहन राणी नागनिकेचा लेख, आणि राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती नाहीशा होऊन वर उरलेली त्यांची नावे, हे निवांतपणे पाहण्याचे आहे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे कोणीतरी सांगेलच; ते ऐकून घ्यावे आणि परतीच्या वाटेवर, याला पुरावा काय, यावर मुलांना भांडू द्यावे.

प्रश्नमंजूषा घ्यायचीच असेल तर घे. सनावळ्यांच्या पाठांतरावर माझा विश्वास नाही, पण गंमत म्हणून ठीक आहे. जयंत्यांच्या कार्यक्रमांत मात्र सावध राहा. तिथे आवाज लवकर चढतो. अध्यक्षाने प्रत्येक विधानाला साधन, म्हणजे मूळ पुरावा, विचारण्याची प्रथा पाडली तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

तुझ्या आराखड्यात नसलेला एक कार्यक्रम मी सुचवतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटून पुण्यात पूर आला. तेव्हा शाळेत असलेली मुले आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. जुलैतल्या एका संध्याकाळी अशा आजी-आजोबांना बोलवा, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रण करा आणि ते लिहून काढा. वसतिगृहातील मुलेमुली बहुधा पुण्याबाहेरची असतात. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन १९७२च्या दुष्काळाच्या किंवा ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाच्या आठवणी टिपून आणाव्यात. लातूर किंवा धाराशिवकडून आलेला, इंग्रजीत बोलायला कचरणारा मुलगा त्या दिवशी आपल्या गावाबद्दल बोलतो आणि पुण्यातली मुले ऐकतात. पहिल्या वर्षाच्या स्वागतासाठी याहून चांगला समारंभ मला ठाऊक नाही. वेळ ठरवताना मुलींच्या वसतिगृहाचे दार कधी बंद होते आणि शेवटची बस किती वाजता आहे, हे आधी विचारून घे.

वर्षअखेरीस विद्यार्थ्यांचे निबंधवाचन ठेव. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी पुण्यात स्थापले, ते जमवलेले कागद लोकांसमोर वाचून दाखवण्याच्या हौसेवरच वाढले आणि १९३५ मध्ये भारतीय इतिहास परिषदेचे पहिले अधिवेशनही तिथेच भरले. आपल्याकडे चार जणांनी पंधरा-पंधरा मिनिटे वाचले तरी पुरे. अट एवढीच की निदान एक मूळ साधन स्वतः पाहिलेले असावे.

राहिली दप्तराची गोष्ट. इतिहास शिकणाऱ्यांच्या मंडळाकडे स्वतःचे दहा वर्षांपूर्वीचे इतिवृत्त सापडू नये, हे फार लाजिरवाणे आहे. प्रत्येक कार्यक्रमानंतर एक पान लिहावे: कोण बोलले, कोणते प्रश्न आले, किती खर्च झाला, काय फसले. ती वही पुढच्या कार्यवाहाच्या हाती सहीनिशी द्यावी. सुधारलेला आराखडा तयार झाला की पाठव, आणि मोडीच्या तासासाठी छायाप्रती हव्या असतील तर त्यासोबतच कळव.

शुभाशीर्वादांसह,
तुझे सर