समुद्रकाठच्या छोट्या गावात घर घ्यावं का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी आणि मिस्टर दोघंही घरूनच काम करतो, मुलगी पाचवीत आहे. शहर नको झालंय म्हणून समुद्रकाठच्या एका छोट्या गावात घर बघतोय. तिथे राहून आलो, माणसं एकमेकांना इतकी धरून आहेत की कुणाकडे काही झालं की अर्धं गाव दारात. तेच आवडलंय आणि त्याचंच टेन्शनही आलंय, हे लोक आम्हाला आपलं म्हणतील का, आणि म्हटलं तर आमचं प्रायव्हेट असं काही उरेल का? मिस्टर म्हणतात थेट घरच घेऊन टाकू.

उत्तर: आत्ता घेऊ नका. वर्षभर भाड्याने राहा आणि शक्यतो सीझन संपताना जा, म्हणजे पर्यटक गेलेले, निम्मी घरं बंद, वारा सुटलेला, आणि उरलेत ते फक्त तिथलेच. ते गाव झेपलं तर बाकीचं झेपेलच.

हा एकोपा नुसत्या चांगल्या स्वभावातून येत नाही हो, समुद्र तो करायला लावतो. होडी आत गेलीये आणि हवा फिरली तर बाहेरची मदत पोचेपर्यंत जे काय करायचं ते शेजारच्यांनीच. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर आरएनएलआय ही संस्था १८२४ पासून लाइफबोटी चालवते, त्यावर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात, एरवी आपापली नोकरी-धंदा करणारे, कॉल आला की हातातलं टाकून निघतात. आणि इंडोनेशियाचं सिमेउलुए बेट बघा. १९०७ मध्ये तिथे त्सुनामी आली होती, तेव्हापासून घरोघरी आजी-आजोबा ‘स्मोंग’ची, म्हणजे त्यांच्या बोलीत त्सुनामीची, गोष्ट सांगत आले, जमीन जोरात हलली आणि पाणी मागे गेलं की सरळ डोंगराकडे पळायचं. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र त्यांच्या अगदी जवळ होतं, सायरन वगैरे काही नाही, तरी सत्तर हजारांवर वस्तीतले फक्त ७ जण गेले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण असं काही कानावर पडायला तुम्ही त्या बोलण्यात असावं लागतं. म्हणून गेल्या गेल्या विचारा, वादळाचा इशारा आला की कुठे जमायचं, कोणत्या वाटेने.

आपलं कधी म्हणतील? घरी बोलावून खाऊ घातल्याने नाही, कंटाळवाण्या कामांना हजर राहिल्याने. वादळाआधी होड्या वर ओढतात ना, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढत उभं राहू नका, दोराला हात लावा. कुठे धरायचं ते कुणीतरी ओरडून सांगेलच, हात सोलवटतील, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात तुम्हाला नावाने हाक येईल. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचला, कुणाचा ऑनलाइन फॉर्म भरून द्या. फक्त पहिलं वर्ष गावाला सुधारायला जाऊ नका, ग्रुपवर लांबलचक सूचना तर अजिबात नको.

प्रायव्हसी कमी होणार, हे मी गोड करून सांगणार नाही. तुमच्याकडे कोण आलं, लाइट किती वाजता बंद झाला, सगळं कळतं. पण कामाच्या वेळेत दार बंद असतं हे पहिल्याच आठवड्यात हसून, स्पष्ट सांगून टाका, लोक ते पाळतात, न सांगता दार लावलं की मग आढ्यता वाटते. या घरचं त्या घरी नेऊ नका. आणि भांडण झालं तर लवकर मिटवा, कारण तोच माणूस रोज समोर येणार आहे.

घराबद्दल थोडं. खाऱ्या हवेने बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट लवकर जातं, पण खरा धोका स्लॅबमधल्या सळ्यांचा, त्या गंजून फुगतात आणि काँक्रीट सुटतं, तेव्हा छताला खालून तपकिरी डाग, भेगा आहेत का बघा. विहीर असेल तर उन्हाळ्यात पाणी खारं होतं का विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वादळ आलं तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, हे एजंटला नाही, आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि घेतलंत तर तिथे राहा. सुट्टीपुरती घरं घेणाऱ्यांमुळे भाडी चढतात आणि गावातल्याच तरुण पोरांना घर मिळेनासं होतं, हे जगभरच्या किनाऱ्यांवर चाललंय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

पत्रात मुलीचं मत कुठेच नाहीये. आत्ता तिला मजा येईल, अख्खं गाव अंगण आणि लक्ष ठेवायला दहा मावश्या, पण पंधराव्या वर्षी त्याच मावश्या नकोशा होऊ शकतात आणि वर्गात मुलंही मोजकीच असतील. भाड्याच्या वर्षात तिला अधूनमधून विचारत राहा, आणि ती नाही म्हणाली तर घराचा विषय थोडा पुढे ढकला.